एक जुनी गाडी वर्गात घ्या : आयटीआयच्या प्राचार्यांना आणि निदेशकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य, तसेच यांत्रिक मोटारगाडी, पत्रे कारागीर, संधाता, जोडारी आणि कातारी या व्यवसायांचे शिल्प निदेशक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या व्यवसायांची मराठी नावं मी मुद्दाम पूर्ण लिहिली. कोल्हापुरात इतकी वर्षं राहून आयटीआयच्या फाटकावरचा तो फलक मी शेकडो वेळा वाचला होता. संधाता म्हणजे वेल्डर, जोडारी म्हणजे फिटर आणि कातारी म्हणजे टर्नर हे मला माहीत होतं. पण ही पाच माणसं एकमेकांशिवाय अपुरी असतात हे मला वडिलांच्या गाडीने शिकवलं. तिच्याबद्दल आणि तिच्यामुळे भेटलेल्या माणसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, आणि शेवटी एक मागणं मागायचं आहे.

गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट. वडील गारगोटीच्या बाजूला डॉक्टर होते. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून त्यांनी ती कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली घेतली. पावसाळ्यात भुदरगडातल्या रस्त्यांवरून अडलेल्या बाळंतिणी याच गाडीच्या मागच्या सीटवरून कोल्हापूरला आल्या. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी मला हँडल मारून इंजिन सुरू करायला शिकवलं. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा मोडतो. हे त्यांनी माझा हात हातात धरून दाखवलं होतं. पन्नास वर्षांनी मी हँडल पुन्हा हातात घेतलं तेव्हा अंगठा आपोआप बोटांच्या बाजूला गेला. माझ्या या पत्राचा मुद्दा त्या अंगठ्यातच आहे, पण तिथे सावकाश येते.

१९९८नंतर गाडी चालली नाही. २०१६ साली बाबा गेले. फॉर्म ३१ भरून, भावंडांची संमतीपत्रं जोडून गाडी माझ्या नावावर झाली. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त होताना हाताशी वेळ होता, थोडी पुंजी होती, आणि यंत्र आपल्याला कळतं असा विश्वास होता.

त्या विश्वासापायी पहिली चूक झाली. काम चांगलं व्हावं म्हणून मी गाडी दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजकडे दिली. १४ महिन्यांनी ती चकाचक होऊन परत आली. आई अंगणात येऊन तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. पुढच्याच पावसाळ्यात दारांखालच्या पट्टीवर फोड आले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं. गंजलेल्या पत्र्याच्या भोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यांवर बोटभर जाडीची पुट्टी भरली होती आणि वरून रंग मारला होता. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मी अख्ख्या गाडीवरून फिरवलं. कितीतरी ठिकाणी ते चिकटलंच नाही.

मी त्या गॅरेजच्या मालकाला जाब विचारला तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलेले नाही. तो उद्धट नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, पत्रा कापून नवीन बसवणारा माणूस माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. अपघाताची गाडी आली तर आम्ही कंपनीचं नवं दार मागवतो. तुमच्या गाडीचं दार कुठून मागवू?"

त्याने मला फसवलं हे खरंच. पण त्याच्या बोलण्यातला दुसरा भागही तितकाच खरा होता.

तुम्हाला हे सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही फियाट बाहेर पडत गेली. पुढे तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती जगाला ठाऊक झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. एवढी वर्षं हजारोंनी चाललेली गाडी असल्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतात. मला वॉटर पंप मिळाला, काचेचे रबर मिळाले, हेडलाइटच्या रिंगा मिळाल्या. मिळाला नाही तो ते बसवणारा हात. त्यासाठी मी आठ महिने फिरले.

या गाडीला वेगळी चासी नाही. ट्रकला किंवा जीपला असते तशी खाली लोखंडी चौकट आणि वर डबा, असं नाही. पत्राच चासी आहे. तळ, दारांखालच्या दोन पट्ट्या, छप्पर आणि खांब मिळून सगळं वजन पेलतात. त्यामुळे दाराखालची पट्टी गंजली म्हणजे नुसती शोभा गेली असं होत नाही, गाडीचा कणा गेलेला असतो. हे पुस्तकात वाचून मला कळलं होतं. पण पट्टी कापायची कशी, हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

ते सांगणारे मिस्त्री अखेर आमच्याच गावात, शिवाजी उद्यमनगराच्या एका बोळात सापडले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय ७९. शाळा चौथीपर्यंत. बाराव्या वर्षी पत्र्याच्या कामाला लागले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे गॅसच्या ज्योतीकडे बघायला डॉक्टरांनी मनाई केलेली. "मी आता काम करत नाही ताई," ते म्हणाले. "पण गाडी दाखवा."

ते आले, खुर्ची मागितली, गाडीपासून दहा फुटांवर बसले आणि अर्धा तास काहीच बोलले नाहीत. मग काठीने दाखवत म्हणाले, "डावी बाजू बसलीया. मागचं दार वर उचलून लागतंय बघा." मी दार लावून पाहिलं. खरंच, शेवटच्या क्षणी ते खांबावर चढून बसत होतं. मी ते दार निदान पाचशे वेळा लावलं असेल.

त्यांनी पहिली अट घातली, मदतीला दोन पोरं पाहिजेत, डोळ्यांनी चांगली आणि तोंडाने गप्प. ही दोन पोरं मला तुमच्यातल्याच एका संस्थेतून मिळाली. एक यांत्रिक मोटारगाडीच्या दुसऱ्या वर्षाचा, दुसरा संधात्याचा कोर्स पूर्ण करून कामाच्या शोधात असलेला. दर रविवारी सकाळी दहाला ते आमच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये येऊ लागले. शेड म्हणजे गोठाच. आता त्याला शहाबादी फरशी आणि दोन ट्यूबलाइट एवढीच भर आहे.

पहिले तीन रविवार चाचांनी कुणाला काही कापू दिलं नाही. आधी गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर समतल केली. पारदर्शक नळीत पाणी भरून ती समतल आहे ना हे पाहिलं. मग सुतळी घेऊन दाराच्या चौकटीचे कर्ण मोजायला लावले. डाव्या बाजूचा कर्ण उजवीपेक्षा साडेआठ मिलिमीटरने जास्त भरला. मग जॅक लावून, रोज थोडं थोडं उचलत, दहा दिवसांत तो फरक दोनवर आणला आणि चौकटीत आडवा अँगल टाकून ती बांधून टाकली. त्यानंतर म्हणाले, "आता एकच पट्टी कापायची. दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम कापल्या की गाडी मधे वाकती, मग तिची दारं जन्मात लागत नाहीत."

तुळई, ताण, दाब, आकारविकृती हे मी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. त्या दिवशी मी वही काढून विद्यार्थिनीसारखी टिपणं घेतली.

मग वेल्डिंग. संधात्याचा कोर्स केलेला मुलगा हाताने चांगला होता, पण त्याला जाड प्लेटची सवय. एक मिलिमीटरच्या आतल्या पत्र्यावर त्याने एका टोकापासून सलग ओढत नेलं आणि पत्रा तापून लाटेसारखा उठला. चाचा रागावले नाहीत. त्यांनी खडूने पट्टीवर ठिपके काढले. पहिला टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मधे, आणि प्रत्येक टाक्यानंतर पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. उठलेली लाट बसवायला त्यांनी जे करायला लावलं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. फुग्याच्या मधोमध रुपयाएवढा भाग लाल होईपर्यंत तापवायचा, खालून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून कडेकडेने हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि लगेच ओलं फडकं दाबायचं. तापलेला पत्रा गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा सैल पत्रा ओढून घेतो. तीन वेळा केलं आणि लाट गेली. चाचांनी डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवला आणि एक जागा दाखवली. "हितं अजून केसभर हाय." आम्हा तिघांच्याही हाताला तिथे काही लागलं नाही. मोजपट्टी आडवी धरून पाहिली तर खालून उजेड दिसला.

प्राचार्यांनो, त्या तळव्याला काही मोल आहे की नाही? तो तळवा आणखी किती वर्षं आहे?

इंजिनाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथे आपलं कोल्हापूर अजून समर्थ आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. वीस वर्षं उभं राहून पिस्टन जाम झाले होते. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतून आठ दिवस ठेवलं, मग हँडलने इंचाइंचाने हलवलं. उद्यमनगरात बोअरिंग झालं, क्रँक ग्राइंडिंग झालं, अॅल्युमिनियमचं हेड फेसिंग होऊन आलं. ते काम करणारे कातारी अण्णाही साठीच्या पुढचे आहेत, पण त्यांच्या हाताखाली माणसं आहेत, कारण फाउंड्री आणि शेतीपंपांमुळे लेथचं काम या गावात थांबलेलं नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घडवला त्या गावात लोखंड कापणारा हात सहज संपायचा नाही. संपत चालला आहे तो पत्रा वळवणारा हात. आणि यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगणारा कान.

त्या कानाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे.

इंजिन सुरू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वीस मिनिटांनी ते अडखळू लागलं. गार केलं की पुन्हा ठीक. चार रविवार हेच. मी मीटर घेऊन ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलच्या दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजला, बरोबर. प्लग बदलले. पेट्रोलचा पंप तापून वाफ होते आहे असं वाटून बाबा घाटात करायचे तसं त्यावर ओलं फडकं ठेवलं. काही उपयोग नाही. माझ्या मते मी सगळं तपासलं होतं.

पाचव्या रविवारी चाचांनी इंजिन चालू असताना शेडमधले दिवे बंद करायला सांगितले. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचं, झाकण बाजूला करून आतले पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, कसे उघडमीट करतात ते आदल्याच आठवड्यात त्यांनी मुलांना हँडलने फिरवून दाखवलं होतं. अंधारात ते म्हणाले, "इंजिन कसं बोलतंय बघा. धाप लागल्यागत. पेट्रोल कमी पडलं तर ते रडतं, हे अडखळतंय." मग इंजिन बंद करून त्यांनी यांत्रिक मोटारगाडीच्या मुलाला पॉइंट उचकटून दाखवायला लावले. स्विच लावून तो पॉइंट उघडू-मिटू लागला आणि त्यांच्यामध्ये निळसर पांढरी, चांगली मोठी ठिणगी दिसली. तो मुलगा, जो तीन महिन्यांत चार वाक्यंही बोलला नव्हता, एकदम म्हणाला, "मॅडम, ठिणगी प्लगला पडायला पाहिजे, ही इथंच पडायला लागलीया. कंडेन्सर गेलाय."

बरोबर होतं. छोट्या दंडगोलासारखा भाग, किंमत किरकोळ. तापला की काम करेनासा होत होता. पॉइंट उघडताना कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळलं पाहिजे, तरच हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगला ठिणगी मिळते. कंडेन्सर नीट नसेल तर विद्युतप्रवाह पॉइंटमधूनच उडी मारतो, क्षेत्र रेंगाळत कोसळतं आणि दाब चढत नाही. फॅरेडेचा नियम. मी तो नियम हजारो मुलांना शिकवला. पण तो अंधारात डोळ्यांनी पाहिलेला पहिला विद्यार्थी माझा नव्हता, तुमचा होता.

नंतर चहा पिताना मी त्याला विचारलं, संस्थेत हे शिकवलं नाही का? तो म्हणाला, धडा होता. डिस्ट्रिब्युटरचं कापून रंगवलेलं मॉडेल कपाटात होतं. परीक्षेत आकृती आली होती, त्याने ती काढली होती, गुणही पूर्ण मिळाले होते. "पण मॅडम, ते मॉडेल कधी बिघडत नव्हतं."

निदेशकांनो, मी तुम्हाला दोष देत नाही. मीही त्याच जातीची आहे. माझ्या प्रयोगशाळेतही न बिघडणारी उपकरणं होती आणि आधीच माहीत असलेली उत्तरं होती. तुमच्याकडे किती रिक्त जागा आहेत, किती जण तासिका तत्त्वावर काम करतात, अभ्यासक्रम किती लवकर बदलतो, हे मी शिक्षण क्षेत्रात राहून जवळून पाहिलं आहे. आता इलेक्ट्रिक वाहनांचा नवा व्यवसाय आला आहे आणि तो यायलाच हवा होता. मुलांना पोट भरायचं आहे, जग तिकडे चाललं आहे.

पण त्या नव्या गाडीचंही निदान करायचं तर आधी निदान म्हणजे काय ते कळायला हवं. आजच्या गाडीला स्कॅनर जोडला की पडद्यावर एक क्रमांक येतो, मुलगा तो भाग बदलतो आणि गाडी जाते. का बिघडलं हा प्रश्न मधल्या मधे विरून जातो. या जुन्या गाडीत प्रत्येक कारण उघड्यावर आहे. कार्बोरेटरमध्ये अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, दाब उतरतो आणि जेट नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल वर ओढलं जातं, ते डोळ्यांना दिसतं. त्यातला पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट जड झाला की कार्बोरेटर वाहायला लागतो. असा फ्लोट उकळत्या पाण्यात बुडवला की बारीक भोकातून बुडबुडे येतात आणि भोक कुठे आहे ते कळतं. तिथे शिशाचा थेंब टाकायचा, आणि तोही इतका लहान की फ्लोटचं वजन वाढू नये. एका फ्लोटमध्ये वायूचं प्रसरण आहे, उत्प्लावकता आहे, डाखकाम आहे आणि हाताचा संयमही आहे. ब्रेकमध्ये पास्कलचा नियम आहे. डिफरन्शियल, म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, तर मी आयुष्यभर हातवारे करून समजावत आले. परवा त्या मुलांनी मागची दोन चाकं उचलून एक हाताने फिरवलं, दुसरं उलटं फिरलं, आणि समजावण्याची गरजच उरली नाही.

आणि हे सगळं आजच्या जगाशी जोडलेलंही आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. त्यातलं काही इथेनॉल आमच्याच जिल्ह्यांतल्या उसाचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या रबराला ते सोसत नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा मऊ पडून फुगला, नळ्या चिकट झाल्या, टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून जेटमध्ये अडकला. आम्ही पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवल्या, टाकी उतरवून आतून साफ केली. राज्यात जुन्या दुचाकी आहेत, पेट्रोलवर चालणारी जुनी यंत्रं आहेत, फवारणीपंप आहेत. हा प्रश्न त्या सगळ्यांना येणार आहे. ज्या मुलाने एकदा हाताने हा पडदा बदलला त्याला खेड्यात काम शोधत हिंडावं लागणार नाही.

आता कोणी म्हणेल, हा निवृत्त बाईंचा छंद आहे, सरकारी संस्थेने त्यात का पडावं? त्याचं उत्तर कायद्यात आहे. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी आणि खाजगी चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात, नोंदणी १० वर्षांसाठी असते, आधीचा नंबर असेल तर तो तसाच राहतो. रोजच्या वापरासाठी ती गाडी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. अट एकच महत्त्वाची, गाडीचं मूळ रूप टिकलेलं असलं पाहिजे, त्यात मोठे फेरफार नकोत. म्हणजे शासनानेच सांगितलं की ही वस्तू राखण्याजोगी आहे आणि ती मूळ रीतीने राखा. मग मूळ रीत शिकवायची कुणी? दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सगळं गाव पाय उंचावून बघतं. तशा राजघराण्याच्या गाड्यांना परदेशातून कारागीर आणता येईल. पण गावोगावच्या वाड्यांत, दवाखान्यांमागे, चिंचेखाली ताडपत्री टाकून ज्या फियाट, अँबेसेडर, जीप, लँब्रेटा उभ्या आहेत, त्यांच्या वारसांनी कुठे जायचं? तेही माझ्यासारखेच आठ महिने फिरतील, मग कंटाळून भंगारवाल्याला फोन करतील. त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे.

राज्यात ४००हून जास्त शासकीय आयटीआय आहेत. प्रत्येक ठिकाणी शक्य नसेल, पण निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका संस्थेने एक जुनी, बिघडलेली, गंजलेली गाडी आत घ्यावी. दान म्हणून घ्या, मालकाच्या परवानगीने कामापुरती घ्या, कशीही घ्या. आणि ती एकाच व्यवसायाच्या ताब्यात देऊ नका. यांत्रिक मोटारगाडीच्या मुलाने इंजिन उतरवावं, कातारीच्या मुलाने त्याचा बुश घडवावा, पत्रे कारागिराने तुकडा वळवावा, संधात्याने तो जोडावा आणि जोडारीने दाराची फट सारखी करून द्यावी. आमच्या शेडमध्ये दोनच मुलं होती, तरी एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर कसं अवलंबून असतं हे त्यांना उमगलं. संधात्याच्या मुलाने एक टाका जास्त तापवला तर दुसऱ्याला चार तास हातोडी चालवावी लागली. तो संवाद भिंतीपलीकडच्या दोन वर्गांत होत नाही.

आणि त्या गाडीबरोबर तुमच्या गावातल्या चाचांना आत बोलवा. मी आमच्या चाचांसाठी एका संस्थेत विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं की प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला वर्गावर घेता येत नाही. नियम आहे, मी समजू शकते. पण अनुभवातून आलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची आरपीएलची सोयही शासनानेच केली आहे. साठ-पासष्ट वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाला अर्ज भरायला तुम्ही मदत केलीत, त्याच्या परीक्षेच्या दिवशी कुणी रिक्षा पाठवलीत, तर तो नियमही पाळला जाईल आणि माणूसही आत येईल. तोवर पाहुणे म्हणून बोलवा. आठवड्यातून एक सकाळ. एक खुर्ची, एक काठी आणि डोळ्यांनी चांगली दोन पोरं एवढंच त्यांना लागतं.

हे लांबवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. सुटा भाग दहा वर्षांनीही नाना पेठेत मिळेल, नाही मिळाला तर उद्यमनगरात घडवून घेता येईल. चाचांचं शिकवणं तसं घडवून घेता येत नाही. मी त्यांचं बोलणं वहीत उतरवलं आहे, मोबाइलवर चित्रित केलं आहे. तरीसुद्धा "हितं अजून केसभर हाय" हे वहीत लिहून काय होणार? ते तळव्यातून तळव्यातच जाऊ शकतं. बाबांनी माझा अंगठा हाताने बाजूला केला होता, म्हणून तो पन्नास वर्षं तिथे राहिला.

माझ्याकडून मी जे देऊ शकते ते सांगते. माझ्याकडे याच गाडीचं एक जादा इंजिन आहे, बाबांनी सुट्या भागांसाठी घेऊन ठेवलेलं. ते जी संस्था आधी मागेल तिला देईन. ते चालू स्थितीत नाही, आणि शिकायला तसंच हवं. शनिवारी सकाळी मी स्वतः येऊन कॉइल, कार्बोरेटर, ब्रेक यांमागचं विज्ञान शिकवायला तयार आहे, मानधन नको. टिपणांच्या तीन वह्या आहेत, त्यांच्या प्रती काढून पाठवते. चाचांना विचारलं, तुम्ही जाल का? ते म्हणाले, "पोरं ऐकणारी असली तर जातो."

गाडीची आजची स्थिती अशी. दोन्ही पट्ट्या आणि तळ नवा झाला आहे. चारही दारं एका बोटाने लागतात. इंजिन तासभर न अडखळता चालतं. ब्रेकचं काम अर्धं झालंय, मागची दोन ड्रम उद्यमनगरातून यायची आहेत. रंग दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर. गिअरबॉक्स अजून उघडलेला नाही. चाचा म्हणतात त्यात दुसऱ्या गिअरचा आवाज आहे. तुमची मुलं येणार असतील तर तो मी तसाच बंद ठेवते.

रविवारी सकाळी दहा वाजता शेड उघडी असते.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका
कोल्हापूर